चुकाऱ्याचा दिवस

विदर्भातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, अन् चर्च तालुक्याला. रविवारी सकाळी कोणी ऑटोनं, कोणी टू-व्हीलरवर निघतं, उपासना होते, बाहेर अंगणात थोडं बोलणं-चालणं, पाळकसाहेबांना सलाम, आणि येताना भाजी घेऊन दुपारपर्यंत सगळे घरी. म्हणजे आमचा रविवार गावाला दिसतच नाही. आम्ही काय गायलो, संदेश कशावर झाला, कोणी डोळे मिटून किती वेळ प्रार्थना केली, यातलं गावाला काही माहीत नसतं. गावाला दिसतो आमचा सोमवार, मंगळवार, आणि सगळ्यात जास्त दिसतो तो बाजाराचा दिवस, कारण आमच्याकडे मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी होतो.

हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. आठवडाभर बाया निंदणाला, वेचणीला, सोंगणीला येतात आणि पैसे बाजाराच्या दिवशी मिळतात, मग त्या पैशातून तेल, मीठ, मिरची, पोरांचं काहीबाही. आता त्या दिवशी कास्तकार म्हणाला की "व्यापाऱ्याकडून पैसे आले नाईत बाई, पुढच्या बाजाराले देतो", तर त्या बाईचा बाजार गेला. भांडण होत नाही, ती मुकाट्यानं जाते, कारण उद्या पुन्हा त्याच वावरात कामाला यायचं असतं. पण त्या संध्याकाळी तिच्या घरी चुलीवर काय शिजलं हे आपल्याला कळत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागलेला आहे, नाहीतर तो परमेश्वराकडे तुझ्याविरुद्ध गाऱ्हाणं करील आणि ते पाप तुझ्या माथी लागेल. याकोबाच्या पत्रात तर त्याहून कडक आहे, तिथं अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असं म्हटलंय. हे वचन मी माहेरी, सासरी, तालुक्याच्या चर्चमध्ये, कन्व्हेन्शनमध्ये, कुठंच कधी संदेशाचा विषय म्हणून ऐकलेलं नाही. विश्वास, आशीर्वाद, आजारातून सुटका, शेवटचे दिवस, यावर भरपूर ऐकलं. मजुरीवर नाही. आणि मला वाटतं आमच्यासारख्या खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाचा विश्वास खरा की खोटा हे ठरायचं ठिकाण तेच आहे, चुकारा आणि वजनाचा काटा.

काट्याचं सांगते. कापसाची वेचाई आमच्याकडे किलोवर असते, सध्या दहा-बारा रुपये किलोच्या आसपास. बाया सकाळी दव असतानाच पऱ्हाटीत शिरतात, कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात चालू, बोंडाचं वाळलेलं टोक नखाखाली शिरून बोटं रक्ताळतात, आणि संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी निंबाखाली येतात. तिथं काटा टांगलेला असतो. आता मोजणारा कास्तकार, लिहिणारा कास्तकार, आणि काट्याचं तोंडही बहुतेक त्याच्याचकडे. तेवीस किलो सहाशे ग्रॅम भरलं तर वहीत तेवीस लिहायचं ही सगळीकडची रीत, वर "कापूस ओला हाय" म्हणून किलो-अर्धा किलो काटायचा. सहाशे ग्रॅमचे होतात सहा-सात रुपये. मोठ्या माणसाला ते काहीच नाहीत, पण पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा कोणाच्या तरी पोराच्या हातात पडला असता, आणि पूर्ण वेचणीच्या हंगामात सगळ्या बायांचे मिळून किती होतात याचा हिशोब करून बघा.

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, काटा उलटा धरायचे. म्हणजे आकड्याची बाजू वेचणारीकडे. मी लग्न करून आले तेव्हा पहिल्याच हंगामात हे पाहिलं. गाठोडं अडकवलं की ते हात पूर्ण बाजूला घ्यायचे, हलणं थांबू द्यायचे, मग म्हणायचे, "वाच वो बाई, किती हाय ते." जिला वाचता येत नाही तिच्यासोबतच्या पोरीला बोलवायचे, शाळेतली पोरगी मोठ्यानं वाचायची, "तेवीस अन् सहाशे." "लिव मंग, तेवीस सहाशे." वही पण त्या पोरीच्याच हातात. अंधार पडायला लागला, डास चावू लागले, तरी घाई नाही. शेजारच्या वावरातले लोक म्हणायचे की बाबाजीचं मोजणं म्हणजे कोर्टाचं काम. त्यांनी मला कधी नीतिसूत्रांचं अकरा-एक वाचून दाखवलं नाही, की खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा आहे वगैरे. ते वचन मला पाठ होतं, संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळालं होतं त्याला. पण ते वचन म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे मी त्या निंबाखाली शिकले. आता इलेक्ट्रॉनिक काटा आलाय, आकडा दोन्हीकडून दिसतो, पण ओल्याचं काटणं अजून तसंच आहे. आमच्याकडे ते होत नाही. दव असेल त्या दिवशी आम्ही वेचणी उशिरा चालू करतो, त्यात बायांचाही फायदा आणि कापसाचाही.

येशूचा द्राक्षमळ्याचा दाखला, ज्यात मालक शेवटच्या तासाला लावलेल्या मजुरालाही दिवसभर राबलेल्याएवढीच मजुरी देतो, तो आमच्याकडच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही, शहरातल्या लोकांना लागतो. त्यांना वाटतं तासभर काम करणाऱ्याला पूर्ण दिवसाचा दीनार दिला तर हा अन्यायच की. पण कापसाच्या, सोयाबीनच्या दिवसांत सकाळी चौकात बघा. गाड्या येतात, तरण्याताठ्या बाया-माणसं भरून नेतात, आणि जी म्हातारी आहे, जिचा गुडघा दुखतो, ज्याचा हात अपघातात गेलाय ती माणसं मागं उरतात. ती आळशी नसतात, येशूनं त्यांच्या तोंडी घातलेलं उत्तरच खरं आहे, की आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आणि त्यांच्या घरचं पोट काही तासाच्या हिशोबानं भुकेलं नसतं, पूर्ण दिवसाचंच भुकेलं असतं. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, एका घराचं एका दिवसाचं खाणं. ज्यानं ही गोष्ट सांगितली तो गावात वाढलेला होता, हे मला त्यात पदोपदी दिसतं. शुभवर्तमान लिहिणारा लूक म्हणतो की येशू आपलं काम चालू करताना सुमारे तीस वर्षांचा होता. त्याआधीची बहुतेक वर्षं नासरेथसारख्या लहानशा गावात सुतारकामात गेली. आमच्याकडे सुतार म्हणजे वखर, डवरा, तिफण, आणि जू. जू खांद्याला बरोबर बसलं नाही की बैलाचा खांदा सुजतो, हे सुतारालाच ठाऊक असतं, त्यामुळे "माझं जू सोयीचं आहे" हे बोलणारा माणूस मला लाकडाचा भुसा अंगावर असलेलाच दिसतो.

मंडळीत साक्ष द्यायला लोक उभे राहतात तेव्हा मी ऐकत असते. ऑपरेशन नीट झालं, पोराला नोकरी लागली, लग्न जुळलं, स्तुती असो. या साक्षी खऱ्या असतात आणि मलाही आनंद होतो. पण कोणी उभं राहून असं म्हणत नाही की यंदा मी सालगड्याचं साल ठरवताना त्याला घासाघीस केली नाही, की त्याचा चहाचा कप मी वेगळा ठेवत होतो तो आता ठेवत नाही. हो, वेगळा कप. बाप्तिस्मा होऊन तीन-तीन पिढ्या झालेल्या घरात अजून कुठं कुठं सालगड्याचा कप गोठ्याच्या भिंतीवर उपडा ठेवलेला असतो, आणि लग्न जमवताना "ते मूळचे कोण" हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. याच्यासारखं दुःख मला दुसऱ्या कशाचं होत नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर वाटून खातो तेव्हा, एकाच भाकरीचा तुकडा अन् घरी कप वेगळा, हे चालूच शकत नाही, याच्यावर मला कोणाशीही कितीही वेळ बोलायची तयारी आहे.

माझ्या माहेरच्या मंडळीत एक आजोबा होते, आता नाहीत. त्यांचा आणि त्यांच्या सख्ख्या भावाचा धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद. ज्याला विदर्भातलं शेत माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको, वाटणी झाली की दरसाली नांगराचा एखादा तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडं नाहीतर तिकडं सरकतो, मग शिव्या, मग मोजणी, मग तहसील, आणि भावाभावाच्या पोरांचं लग्नाला जाणं बंद. एका प्रभुभोजनाच्या रविवारी ताट त्यांच्यापर्यंत आलं आणि त्यांनी ते तसंच पुढं सरकवलं. पुढच्या महिन्यातही तेच. पाळकसाहेबांनी बाहेर विचारलं तर म्हणाले, "भावासंगं बोलत नाई मी. तवा याले हात लावाचा मले अधिकार नाई." मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहेच ना, अर्पण वेदीपुढंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आपण ते ऐकतो अन् मनातल्या मनात क्षमा करून टाकतो, कोणाला कळत नाही, काही जात नाही. आजोबांनी मनातल्या मनात केलं नाही. ते एका सकाळी सुतळी आणि सब्बल घेऊन वावरात गेले, बापाच्या वेळचा खुणेचा दगड ज्या बोरीजवळ होता ती बोर अजून होती, तिथून सुतळी ताणली आणि दगड मागं नेऊन गाडले. दोन तास जमीन गेली त्यांची. त्यांच्या पोरांनी घरी खूप कालवा केला. भाऊ त्या दिवशी धुऱ्यावर आला, पाहिलं, काही न बोलता निघून गेला, आणि हे आजोबा पुढच्या प्रभुभोजनालाही ताट पुढंच सरकवत राहिले, कारण अजून बोलणं झालं नव्हतं. मग पेरणीच्या ऐन दिवसांत आजोबांचा एक बैल बसला, मृगाचा पाऊस होऊन गेलेला, वापसा जाईल म्हणून जीव टांगणीला, आणि भावाची जोडी तिफणीसकट त्यांच्या वावरात येऊन उभी राहिली. भाऊ ख्रिस्ती नव्हता. आजोबांचा विश्वास त्याला कधी पटला नव्हता, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं दार लावून घेतलं होतं. मी लहान असताना हे माझ्या आईकडून ऐकलं आणि नंतर आजोबांकडूनही, आणि आजोबा सांगताना जोडीची नावं सांगायचे, हौशा-पवळ्या, पण स्वतःच्या त्या दोन तास जमिनीचं कधी सांगायचे नाहीत, ते आईनंच सांगितलं.

विदर्भात हा विश्वास आला तोही मुख्यतः आठवड्याच्या कामांतूनच आला असं मला इतिहास वाचताना वाटतं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, गोंड लोकांविषयी टिपणं केली, दगड-जीवाश्म अभ्यासले, आणि १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात गेले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना उभा राहिला, ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं त्यांच्या जखमा तिथं कोणीतरी धुतल्या. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत अजून तिथले विद्यार्थी आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना सोबत घेऊन गेल्या, पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं शिकवलं नाही तर विणकाम, छापखाना, शेती अशी पोट भरायची कामं हातात दिली. अन् कवी नारायण वामन टिळक. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी मिशनऱ्याशी त्यांचं बोलणं झालं, तो संस्कृत कवितेबद्दल आदरानं बोलला आणि निघताना नव्या कराराची प्रत देऊन गेला. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपण आज जी अभंगाच्या चालीवरची भजनं गातो त्यातली बरीचशी टिळकांची. तो माणूस डब्यात उर्मटपणे बोलला असता, समोरच्याच्या देवाला नावं ठेवली असती, तर काय झालं असतं, हे मी एसटीत बसले की बरेचदा मनात आणते.

याच्यावर एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण आजकाल ख्रिस्ती माणसानं कोणाला मदत केली की लगेच शंका येते. दवा, फी, किराणा देऊन त्याच्या बदल्यात कोणी चर्चला यावं अशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. अटीवर दिलं तर तो सौदा झाला. वाटेत पडलेल्या परक्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या भल्या शोमरोन्याचा दाखला येशूनं सांगितला, त्यात त्या जखमी माणसाला शेवटी काय वाटलं, तो कोणाच्या रीतीनं उपासना करायला लागला, याचा येशूनं एक शब्द सांगितलेला नाही. तेल, द्राक्षारस, गाढवावर बसवणं, खाणावळवाल्याला दोन दीनार, आणि "जास्त लागले तर परत येताना देईन". एवढंच.

आमच्या भागात कर्जापायी जीव दिलेल्या कास्तकारांची घरं जवळपास प्रत्येक गावात आहेत. २००६ मध्ये केंद्राचं पॅकेज आलं ते ज्या सहा जिल्ह्यांसाठी, त्यात आमचा जिल्हा होता. घरचा माणूस गेला की पहिले दहा-तेरा दिवस घर भरलेलं असतं, पुढारी येतात, फोटो होतात. मग सगळे जातात अन् ती बाई कागदांसोबत एकटी उरते. एक लाखाची मदत असते, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, पण त्याच्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागतं, जमीन कोणाच्या नावानं, कर्ज कोणत्या बँकेचं, थकलेलं होतं का, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पंचनामा. सावकाराचं तोंडी कर्ज असेल तर ते कुठं दाखवणार? आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव चढायच्या आधी दीर-सासऱ्यांनी हरकत घेतली तर ती पुढच्या हंगामात पीककर्जालाही जाऊ शकत नाही.

आमच्या भगिनी मंडळातल्या दोघी-तिघी आता हेच काम करतात. एकीचा नवरा ग्रामपंचायतीत शिपाई होता म्हणून तिला कागदांची माहिती. त्या घरी जातात, पहिल्या भेटीत बायबल काढत नाहीत, प्रार्थना करू का असंही स्वतःहून विचारत नाहीत. पोरांना खाऊ घालतात, भांडी घासून देतात, मग एक प्लॅस्टिकची थैली मागतात अन् घरातले सगळे कागद त्यात गोळा करतात, रेशन कार्ड, आधार, पासबुक, सोसायटीच्या पावत्या. मग तिच्यासोबत तलाठ्याकडे, तहसीलला, बँकेत. साहेब जेवायला गेलेत तर बाहेर बाकावर बसून राहतात. परत या म्हटलं तर परत जातात. एका बाईच्या फेरफारासाठी त्या पूर्ण उन्हाळा जात होत्या, अन् त्या ऑफिसातला माणूस यांनाच म्हणाला, तुम्ही हिच्या कोण? यातली जी मोठी, ती म्हणाली, "शेजारीण होय साहेब." गाव वेगळं, जात वेगळी, धर्म वेगळा, अन् ती शेजारीण. अनाथांचा अन् विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हाच शुद्ध धर्म असं याकोब लिहितो. समाचार घेणं म्हणजे नुसतं भेटून येणं नव्हे हे या दोघी-तिघींना पाहून मला पक्कं कळलं. त्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढलं. तिनं पहिल्याच वर्षी सोयाबीन सोंगल्यावर धुऱ्याकडच्या दोन ओळी सरवा, म्हणजे सोंगणीनंतर वावरात उरलेलं पीक, वेचणाऱ्या बायांसाठी सोडल्या, बायबलमधल्या रूथची, परक्या वावरात सरवा वेचणाऱ्या त्या विधवेची, गोष्ट कोणी तिला सांगितलेली नव्हती.

बैलांनासुद्धा विश्रांती द्या असं बायबलच्या 'निर्गम' पुस्तकात लिहिलंय, म्हणून आमच्या घरी रविवारी जोडी जुंपत नाहीत, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आमच्याही बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळतो. पूजा आम्ही करत नाही, पण राबणाऱ्या जनावराच्या खांद्याला हात लावायला काय हरकत आहे. हे जाता जाता.

आता यंदाच्या हंगामी उपकारस्तुतीचं. दरवर्षी लोक चर्चमध्ये पहिलं पीक घेऊन येतात, तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसं, कोहळं, कापसाचं गाठोडं, आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या गाठोड्यातला कापूस ज्यांनी वेचला त्या बाया त्या चर्चमध्ये कधी आलेल्या नसतात. मी मंडळीच्या मीटिंगमध्ये एक गोष्ट मांडली. उपकारस्तुतीच्या आधीच्या बाजाराला प्रत्येक ख्रिस्ती कास्तकारानं आपल्याकडचा सगळा मागचा-पुढचा चुकारा पूर्ण करायचा आणि मगच अर्पण आणायचं. ज्याचा चुकारा बाकी असेल त्यानं कापूस आणू नये, रिकाम्या हातानं यावं, त्याचं स्वागतच आहे. पाळकसाहेबांना पटलं, ते आधीच्या रविवारी अनुवादातलं ते वचन घेऊन संदेश देणार आहेत. काही जणांनी विचारलं, व्यापाऱ्याचेच पैसे आले नसतील तर कास्तकारानं काय करायचं, तोही तर अडकलेलाच असतो. प्रश्न बरोबर आहे, आमच्याही घरी ते झालेलं आहे. मी म्हटलं मग सण महिनाभर पुढं ढकलू, डिसेंबरात करू, नाताळाच्या आधी केव्हाही करू, आधी बायांचे पैसे जाऊ द्या. यावर अजून एकमत झालेलं नाही, पुढच्या मीटिंगला पुन्हा बोलणं आहे.